पुराणवस्तूंची घासाघीस

जुनी धातूची वस्तू हाती आली की ती प्रथम घासून लख्ख करावयाची, हा आपल्याकडे जणू कुलाचारच होऊन बसला आहे. अडगळीतून पितळेची समई निघाली, लावा चिंच. पणजोबांची तलवार सापडली, आणा काचकागद. नांगराच्या फाळाला हिरवी पडलेली मूर्ती लागली, तर तिला राखेने, विटकरीच्या भुकटीने आणि हाती येईल त्या आम्लाने न्हाऊ घाला. मग ती पिवळीधमक झाली म्हणजे सर्वांनी धन्यता मानावी! घरोघरी हा प्रकार चालतो यात आम्हांस विशेष आश्चर्य वाटत नाही. भांड्यांवरून फिरणारा हात जुन्या वस्तूवरूनही फिरणारच. परंतु जुन्या वस्तू राखण्याचे ज्यांनी व्रत घेतले आहे, त्या हौशी संग्राहकांच्या दिवाणखान्यांत आणि क्वचित लहानसहान संग्रहालयांच्या कोठ्यांतही हाच न्याय चालावा आणि त्यास ‘जतन’ हे भारदस्त नाव मिळावे, हे मात्र मुकाट्याने सोसण्यासारखे नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, नक्षीची वा जडावाची कोणतीही जुनी धातूची वस्तू तिचे क्ष-किरणचित्र घेतल्यावाचून कोणीही घासू नये, खरवडू नये किंवा रसायनात बुडवू नये. हे म्हणणे अनेकांस अतिरेकी वाटते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने मांडणे प्राप्त आहे.

या सर्व अनर्थाच्या मुळाशी एक समजूत आहे. ती ही की, गंज म्हणजे मळ. मळ बाहेरून येऊन बसतो आणि तो काढला की खालची वस्तू जशीच्या तशी उरते. गंजाचे तसे नाही. गंज हा त्या वस्तूचाच देह होय. तिच्याच लोखंडाचा काही भाग हवा, पाणी व क्षार यांच्याशी संयोग पावून पालटलेला असतो. हजार-पंधराशे वर्षे जमिनीत पडून राहिलेल्या लोखंडी वस्तूच्या पोटी कित्येकदा धातू म्हणून काही उरलेलेच नसते. तिचा मूळ पृष्ठभाग, तिच्यावरील नक्षी, कारागिराच्या हातोडीच्या खुणा, हे सारे त्या तांबूस खपलीच्या आत कोठेतरी एका पातळ थराच्या रूपाने तग धरून असते. इतकेच नव्हे, तर वस्तू ज्या कापडात गुंडाळली होती त्याची वीण आणि ज्या म्यानात होती त्या लाकडाच्या रेषादेखील गंजाने आपल्या अंगी उतरवून घेतलेल्या असतात. कापड केव्हाच कुजून गेले, त्याचा ठसा तेवढा गंजात उरला. असा गंज खरवडणारा मनुष्य मळ काढीत नसतो. पोथी फाडून तो तिचे बासन स्वच्छ करीत असतो.

मग आत काय आहे ते न खरवडता कळावे कसे? या प्रश्नाचे उत्तर मिळून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यास हे किरण प्रथम आढळले. त्याने घेतलेले पत्नीच्या हाताच्या हाडांचे चित्र शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्याच्या पहिल्याच निबंधात, पेटीत बंद असलेल्या वजनांची छाया आणि वरून एकजिनसी भासणाऱ्या धातूच्या तुकड्यातील विषमता या किरणांनी दिसून येते, हेही नमूद आहे, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. पुढे १८९६ साली त्याने स्वतःच्या शिकारी बंदुकीचे चित्र घेतले व तिच्या धातूतील दोष त्यात उमटले. म्हणजे हाडे पाहणे आणि धातूचे अंतरंग पाहणे, ही या विद्येची दोन जुळी मुले आहेत. पहिले आपण हौसेने घरात घेतले. दुसऱ्यास कारखान्याचा दरवाजा दाखविला आणि संग्रहालयाच्या उंबरठ्यावर ताटकळत ठेवले.

यातील तत्त्व अगदी सोपे आहे. पदार्थ जितका दाट व जाड आणि त्याचा अणू जितका जड, तितके हे किरण त्यात अधिक अडतात. लोखंडाचा अणुक्रमांक २६, तांब्याचा २९, जस्ताचा ३०, रुप्याचा ४७, सोन्याचा ७९ व शिशाचा ८२. गंज हा लोखंडाहून पुष्कळ विरळ. फिल्मवर किरण जेथे पोचतात तेथे ती काळी पडते, अडतात तेथे पांढरी राहते. तेव्हा गंजाच्या ओबडधोबड गोळ्यात रुप्याची तार दडली असेल तर ती करड्या भूमीवर पांढऱ्या रांगोळीच्या रेघेसारखी उमटते. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, जर्मनी या देशांत सहाव्या-सातव्या शतकांतील फ्रँक व त्यांच्या शेजारच्या लोकांच्या कबरी उकरताना कमरपट्ट्यांच्या लोखंडी कड्या व पट्ट्या निघतात. नुसत्या डोळ्यांना ती निव्वळ मातकट ढेकळे दिसतात. क्ष-किरणांपुढे धरताच त्यांच्यावरील रुप्याच्या व पितळेच्या तारांच्या गुंफणी, जाळ्या व सर्पाकृती वेलबुट्ट्या प्रकट होतात. आणि मग जतन करणारा मनुष्य तेच चित्र शेजारी ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली, तारेपर्यंत पोचताच हात थांबवितो. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली सापडलेली तलवार गंजून म्यानातच अशी चिकटून बसली आहे की ती उपसणे म्हणजे ती मोडणेच होय. तथापि तिचे पाते पीळ दिलेल्या लोखंडी सळ्या एकत्र ठोकून घडविलेले आहे, हे क्ष-किरणांनी सांगितले. म्यान शाबूत राहिले आणि पात्याची घडणही कळली! काचकागदवाल्यांनी यावर क्षणभर विचार करावा.

“हे सारे परदेशचे झाले, आपल्याकडे कोठे असे प्रश्न आहेत?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही प्रथम बिदरी कामाची आठवण देऊ. बिदर मराठवाड्याच्या कुशीला आहे. १९५६ पर्यंत दोन्ही मुलूख हैदराबाद राज्यात एकत्रच नांदत होते, आणि मराठवाड्यातील जुन्या घरांतून बिदरी हुक्के, पानदाने, तबके अद्यापि निघतात. या कामाचा मूळ देह मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. त्यावर नक्षी कोरून रुप्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवावयाचा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांचा लेप द्यावयाचा. त्या लेपाने जस्त काळेभोर होते व रुपे पांढरेच राहते. काळोखावर चांदणे उमटावे तसा हा सारा खेळ. आता जस्त हा आम्लापुढे तत्काळ विरघळणारा धातू आहे. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित घरी मुलीच्या लग्नाच्या धांदलीत असाच एक हुक्का चिंचेने घासून ‘चांदीचा’ करण्यात आला. काळी भूमी गेली, खालचे जस्त खरबरीत झाले, आणि पकड सुटलेल्या कित्येक तारा घासणीबरोबर मोरीत गेल्या. यजमान मोठ्या कौतुकाने तो पाहुण्यांस दाखवीत होते.

तोच हुक्का आधी क्ष-किरणांपुढे गेला असता तर काय कळले असते? तारा कोठे खोल बसल्या आहेत व कोठे नुसत्या टेकून आहेत; ओतताना राहिलेले बुडबुडे कोठे आहेत; गळ्यापाशी पूर्वी कोणी शिशाची झाळ देऊन सांधा केला आहे काय; हे सर्व कळले असते. किरणांस सर्व काही कळते, असा दावा मात्र आम्ही करीत नाही. गळालेल्या रुप्याच्या जागी मागे कोणी कथील भरले असेल तर नुसत्या छायेवरून ते सहसा ओळखू येत नाही, कारण रुपे ४७ व कथील ५० म्हणजे जवळजवळ शेजारीच. त्यास वेगळी परीक्षा लागते. शिवाय हुक्का गोल असल्याने पुढची व मागची नक्षी एकावर एक पडते. तेव्हा निरनिराळ्या कोनांतून चित्रे घ्यावी लागतात किंवा सीटी स्कॅनचा आश्रय करावा लागतो. अडचणी आहेत, पण त्या पाहण्यातील अडचणी आहेत. घासण्यात कसलीच अडचण नसते, हेच तर तिचे मोठे दुर्दैव!

तीच कथा शस्त्रांची. तलवारीच्या मुठीवर किंवा पट्ट्याच्या खोबळ्यावर कोफ्तगिरी करताना पोलादावर उभ्याआडव्या अतिसूक्ष्म रेघा पाडून त्यांत सोन्यारुप्याची बारीक तार ठोकून बसवितात. ती कोंदणासारखी खोल नसते; केवळ त्या ओरखड्यांच्या आधाराने ती तगते. त्या मुठीवर गंज चढला आणि खंडेनवमीस कोणा उत्साही वारसाने काचकागद हाती घेतला, म्हणजे पाच मिनिटांत दोन-तीनशे वर्षांचे काम साफ होते. पूजा यथासांग होते यात शंका नाही. पण ज्याची पूजा करावयाची तेच थोडे कमी झालेले असते.

येथे एक आक्षेप येतो व तो आम्ही हलका मानीत नाही. देवघरातील मूर्ती घासणे ही सेवा आहे, तेथे तुमचे किरण कशाला, असे श्रद्धाळू मनुष्य विचारतो. आमचे उत्तर असे की, देवघरात आम्ही पाऊलही टाकू इच्छीत नाही. घरात मंगलकार्य निघाले की देव सोनाराकडे नेऊन उजळून आणावयाचे, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. खंडोबाचा रुप्याचा टाक पिढ्यान् पिढ्या हात लागून इतका झिजतो की घोडा कोणता व स्वार कोणता हे घरच्यांसच ठाऊक. आणि तो फारच झिजला की नवा करवून घेतात. ती झीज हीच त्या टाकाची कहाणी आहे. ती वापराची आहे, भक्तीची आहे. परंतु जी वस्तू पूजेतून निघून काचेच्या कपाटात आली आणि जिच्यापुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी लागली, तिला घासणे ही कोणाची सेवा? पाटी पाहणाऱ्यांसाठी आणि घासणी मात्र व्यवस्थापकांसाठी, असा हा न्याय आहे काय?

दुसरा आक्षेप पैशाचा. आमचे संग्रहालय गरीब, आम्हांस ही परदेशी चैन कशी परवडणार, हे पालुपद इतक्या ठिकाणी ऐकू येते की ते एकदाचे तपासून पाहिलेच पाहिजे. हाताच्या हाडांचे चित्र घेण्यास साधारण ५० ते ६० किलोव्होल्ट दाब लागतो. गंजलेली मूठ, कडी, पातळ पत्र्याचा दागिना, यांस शंभराच्या आगेमागे पुरतो. आणि इतका दाब तालुक्याच्या ठिकाणच्या चांगल्या रुग्णालयातील यंत्रही देते. जाड ओतीव कांस्यमूर्तीची गोष्ट निराळी. तेथे तिप्पट-चौपट दाबाची यंत्रे किंवा इरिडियम-१९२, कोबाल्ट-६० अशा किरणोत्सर्गी द्रव्यांचे गॅमा किरण लागतात. पण हेही काही सातासमुद्रापलीकडचे नाही. ७४ दिवसांत ज्याचे तेज निम्मे होते तोच इरिडियम घेऊन आपल्याकडील कारखान्यांतून नळांचे व बॉयलरांचे सांधे रोज तपासले जातात. तुर्भ्यास भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अशा कामांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईतच आहे. अर्थात् हे काम परवानाधारक, शिकलेल्या माणसाचेच. हौशी मंडळींनी त्यात हात घालू नये. परंतु वाफेचा नळ फुटू नये म्हणून त्याच्या सांध्याचे चित्र घेणाऱ्या प्रांताने, आपल्या पूर्वजांच्या शिल्पाचे तेवढे चित्र घेताना पैशापैशाची घासाघीस करावी आणि मग पैसा वाचला म्हणून त्या शिल्पाचीच घासाघीस करावी, याला काटकसर कसे म्हणावे?

इंग्लंडात उत्खननातून निघालेल्या लोखंडी वस्तू स्वच्छ करण्यापूर्वी क्ष-किरणांखाली घालणे हा आता नित्याचा परिपाठ आहे. तेथील इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २००६ साली याविषयीची मार्गदर्शक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. शेकडो खिळ्यांच्या ढिगात एखादी जडावाची कडी असते, ती कोणती हे या एका परीक्षेने कळते. आणि मग महागडी मेहनत कोठे घालावयाची व कोठे नाही, याचाही निर्णय होतो. म्हणजे ही चैन नसून उलट बचत आहे.

आता आमच्याच पक्षातील उतावळ्यांस दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्राने चित्र दिले म्हणजे निकाल लागला, असे मानणारा एक नवा भोळा वर्ग निर्माण होत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९२३ साली घेतलेला एक लहानसा ग्रीक कांस्याचा घोडा आहे. १९६७ साली गॅमा किरणांनी त्याचे अंतरंग पाहून, आतील वाळूचा गाभा व लोखंडी तार यांवरून, हे आधुनिक पद्धतीचे ओतकाम आहे असे संग्रहालयाच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर केले आणि जगभर घोड्याची नाचक्की झाली. पुढे काही वर्षांतच गाभ्यातील द्रव्य तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून त्याचे वय काढण्यात आले, ओतकामाचाही पुन्हा अभ्यास झाला, आणि घोडा प्राचीनच ठरला. आज तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतील म्हणून मानाने उभा आहे. चित्र खोटे नव्हते, वाचन चुकले. ओतकाम ज्यास ठाऊक नाही त्याने अशी छाया वाचणे म्हणजे लिपी न जाणणाऱ्याने ताम्रपट वाचणे होय. पण गंमत पाहा: घोडा घासला नव्हता, फोडला नव्हता, त्याचा गाभा जागच्या जागी होता, म्हणूनच त्याला पुन्हा साक्ष देता आली! घासलेल्या वस्तूस हे अपील नसते. आणखी एक सावधगिरी येथेच नमूद करून ठेवतो. असे वय काढावयाचे असेल तर गाभ्याची चिमूटभर माती चित्र घेण्याच्या आधी काढून ठेवावी. कारण किरणांचा मारा त्या मातीच्या हिशेबात जमा होतो व गणित बिघडते. धातूस मात्र या किरणांनी इजा होत नाही.

आता राहिले रसिक. मूर्तीचे सौंदर्य तिच्या मुखावर आहे, तिच्या पोटात डोकावून काय मिळणार, असे ते म्हणतात. या रसिकांस आम्ही नम्रपणे विचारतो की, ती मूर्ती घडली कशी, हा प्रश्न रसिकतेच्या बाहेरचा केव्हापासून झाला? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने (बिदर जिल्ह्यातीलच हे आजचे बसवकल्याण) ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिला मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत सविस्तर दिली आहे. राजास त्यात गोडी वाटली. आमच्या रसिकांस ती कारागिरांची बाब वाटते. मूर्ती भरीव की पोकळ, आतला मातीचा गाभा काढला की तसाच ठेवला, तो जागेवर धरणाऱ्या खुंट्या कोठे होत्या, हात स्वतंत्र ओतून जोडला काय, कोठे धातू कमी पडून ठिगळ लावावे लागले, हे सारे छायेत दिसते. ओतणाऱ्याची धांदल, त्याची चूक व ती झाकण्याची त्याची हुशारी आठशे वर्षांनी आपल्या डोळ्यांपुढे येते. यात रस नसेल तर तो कशात आहे?

आणि रसाची गोष्ट सोडली तरी ओळखीची गोष्ट उरतेच. तमिळनाडूतील शिवपुरम् येथे १९५१ साली जमिनीत सापडलेला चोळकालीन नटराज दुरुस्तीसाठी म्हणून देवळाबाहेर गेला आणि परत आली ती त्याची नक्कल. अस्सल मूर्ती देशाबाहेर विकली गेली; १९७३ साली ती अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहात पोचली आणि पुष्कळ वादानंतर १९८६ साली परत आली. मधल्या काळात देवळात लोक कशापुढे हात जोडीत होते? बाह्य रूपाची नक्कल कुशल कारागीर करू शकतो, हे या प्रकरणाने सिद्ध केले. परंतु ओततेवेळी धातूत जे बुडबुडे अडकतात त्यांची जागा व आकार पुन्हा तसेच साधणे कोणाही कारागिराच्या हातचे नाही. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच हा मूर्तीचा ठसा होय. भरीव चोळमूर्तीसाठी फार प्रखर किरण लागतील, वेळ लागेल, हे खरे. पण चोरांनी जेवढे कष्ट घेतले त्याहून हे अधिक नाहीत.

कोठून आरंभ करावा, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर तयार आहे: विदर्भापासून. नागपूरच्या परिसरात माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांतून लोहयुगातील पुष्कळ लोखंड निघाले आहे. माहूरझरीस १९७० ते १९७२ च्या उत्खननांत घोड्याच्या मुखावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. त्यांत तांब्यास लोखंड जोडलेले आहे. असे दोन धातू ओलाव्यात एकत्र राहिले की लोखंड आधी झिजते व तांब्याला सोडून जाते. म्हणजे तेथे दिरंगाईस जागा नाही आणि घासणीस तर मुळीच नाही. त्यानंतर शस्त्रांच्या मुठी घ्याव्यात आणि मग बिदरी काम. कोकणातल्या व मुंबईच्या खाऱ्या हवेत ठेवलेल्या कांस्यवस्तू तर निकडीच्या आहेत; तेथे क्षार आत शिरून फिकट हिरवी भुकटी सुटू लागली की वस्तू आतून पोखरत जाते, आणि वरच्या जंगालाखाली निरोगी धातू किती शिल्लक आहे हे पाहिल्यावाचून उपाय ठरविता येत नाही.

प्रत्येक चित्रावर वस्तूचा नोंदणी क्रमांक शिशाच्या अक्षरांनी त्याच वेळी उमटवून घ्यावा. नंतर पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक कसे पुसले जातात हे कोठीत काम केलेल्यांस सांगणे नलगे. ते चित्र नोंदवहीत वस्तूच्या पानाला जोडलेले असावे, कोणा तज्ज्ञाच्या खासगी फडताळात नसावे. आणि विश्वस्तांच्या बैठकीत एखादी वस्तू ‘जरा स्वच्छ करून घेण्याचा’ ठराव पुढे आला, तर ठराव मांडणाऱ्याने ते चित्र टेबलावर ठेवल्याखेरीज तो चर्चेसच घेऊ नये.